आठवण हा पुरावा असतो का? इंग्लंडमधली खेडी, गल्ल्या आणि त्यांची बालपणं

आज ज्या पुस्तकांविषयी बोलायचं आहे त्यांची एक वेगळी जातच आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याही जिल्ह्याच्या ग्रंथालयात गेलात तर 'स्थानिक इतिहास' असं लिहिलेलं एक कपाट असतं. त्यात पॅरिशच्या नोंदी, जुने नकाशे, चर्चची माहितीपत्रकं असतात आणि त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच रांगेत, कुणीतरी लिहिलेल्या आपल्या बालपणाच्या आठवणी असतात. माझा प्रश्न त्या कपाटाविषयी आहे. ही दोन प्रकारची पुस्तकं एका फळीवर का ठेवायची? जन्ममृत्यूची नोंदवही हा पुरावा आहे, हे समजतं. 'आमच्या गावात तेव्हा असं होतं' हे वाक्य कोणत्या अर्थानं पुरावा आहे?

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. ज्यांनी कॉलेजात 'तर्कसंग्रह' वाचला असेल त्यांना आठवेल, की अन्नंभट्ट ज्ञानाचे दोन भाग करतो, अनुभव आणि स्मृती. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. स्मृती त्यात बसत नाही. ती खोटी असते म्हणून नव्हे. ती केवळ संस्कारातून उगवते, नवीन काही आणत नाही. मूळ अनुभव खरा असेल तर स्मृती खरी, मूळच चुकीचा असेल तर स्मृतीही चुकीची. म्हणजे आठवण ही उसन्या पैशावर चालणारी पेढी झाली. जैन तार्किकांना हे मान्य नव्हतं. ते स्मृतीला परोक्ष प्रमाणांमध्ये जागा देतात, आणि त्यांचं म्हणणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही: धूर आणि अग्नी यांचा संबंध आठवला नाही तर डोंगरावरचा धूर पाहून तुम्ही अनुमान तरी कशाच्या जोरावर करणार?

आणखी एक शब्द आज हाताशी ठेवा. ऐतिह्य. कुणी सांगितलं ते माहीत नाही, पण सगळे सांगतात. 'या वडावर यक्ष राहतो' हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पौराणिक त्याला स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, सांगणारा आप्त असेल तर ते शब्दप्रमाणातच आलं, नसेल तर सोडून द्या. आपल्या आजच्या पुस्तकांत वडावरचे यक्ष पुष्कळ आहेत.

सुरुवात सगळ्यांत प्रसिद्ध पुस्तकापासून करू. लॉरी ली यांचं 'सायडर विथ रोझी', १९५९. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड गावाजवळची स्लॅड नावाची दरी. ली यांचा जन्म १९१४चा. तीन वर्षांचा मुलगा सामानाच्या गाडीतून उतरवला जातो आणि त्याच्या उंचीपेक्षा मोठ्या गवतात हरवून रडू लागतो, इथून पुस्तक सुरू होतं. पुढे आई, सावत्र बहिणी, सोडून गेलेला आणि तरी जिची वाट पाहणं थांबत नाही असा बाप, वरखाली राहणाऱ्या आणि एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन म्हाताऱ्या. इंग्लंडमधल्या शाळांत हे पुस्तक वर्षानुवर्षं लावलेलं होतं, त्यामुळे अनेकांच्या मनात 'इंग्रजी खेडं' म्हटलं की हेच खेडं येतं.

ली यांनी आरंभीच एक टीप दिली आहे: काळामुळे काही तपशील बदलले असतील. लेखकाच्या दृष्टीनं हे प्रामाणिकपण झालं. पण अशी टीप म्हणजे सरसकट माफीनामा नव्हे, आणि हे पुस्तक छापून आल्यावर लवकरच दिसलं. ली यांनी लिहिलं होतं, की जवळच्या पियानोच्या कारखान्याला वारंवार आग लागे आणि त्या आगींचा संबंध धंद्याच्या हिशेबाशी असावा. कारखान्यानं बेअब्रूचा दावा केला. पुढच्या आवृत्त्यांत पियानो गेला आणि त्या जागी बॉयलरचा कारखाना आला.

हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला तो पुस्तकावरचा सर्वांत मोलाचा शेरा वाटतो. त्या वाक्यात ली यांनी नेमकं काय सांगितलं होतं? आग लावताना त्या मुलानं कुणाला पाहिलं नव्हतं. त्यानं ऐकलं होतं. ते ऐतिह्य होतं, वडावरचा यक्ष. न्यायालयात 'लोक म्हणतात' याला किंमत नाही आणि ती नसावीच, कारण तिथे प्रश्न कारखान्यानं आग लावली का, हा असतो. स्थानिक इतिहासाचा प्रश्न थोडा निराळा आहे: मंदीच्या दिवसांत कारखान्याला आग लागली की आजूबाजूची माणसं मालकाकडे कशा नजरेनं बघत? या दुसऱ्या प्रश्नाला ते वाक्य उत्तम पुरावा होतं. पियानोचा बॉयलर झाला आणि विनोद तेवढा उरला, पुरावा गेला. लेखकानं 'गावात असं बोललं जाई' एवढे शब्द घातले असते तर कदाचित दोन्ही राहिलं असतं.

तेव्हा ही पुस्तकं वाचताना तीन थर वेगळे करायची सवय लावायला हवी. मुलानं पाहिलेलं, गावानं सांगितलेलं, आणि मोठ्या माणसानं मागाहून रचलेलं. ली यांचा पहिला थर अप्रतिम आहे. दुसरा, आपण पाहिला. तिसऱ्या थराविषयी मात्र माझं त्यांच्याशी भांडण आहे. पुस्तकाच्या शेवटाकडे ते असं मांडतात, की हजार वर्षं चाललेलं जगणं नेमकं आपल्या बालपणी संपलं. मोटार आली, जमीनदार वारला, चर्च ओस पडलं. आता बघा. स्ट्राउडच्या आसपासच्या दऱ्या शतकानुशतकं कापडगिरण्यांच्या होत्या. सैनिकांच्या गणवेशाचं लाल कापड तिथून जायचं. स्ट्राउडला रेल्वे १८४५ साली आली. ली यांच्याच पुस्तकात त्यांच्या बहिणी रोज स्ट्राउडला कामाला जातात, एक टोप्यांच्या दुकानात, एक जोड्यांच्या दुकानात, एक मोडकळीला आलेल्या कापडगिरणीच्या कचेरीत. मग हजार वर्षं जगापासून तुटलेलं होतं ते काय? तुटलेलं होतं तीन वर्षांचं मूल. त्याची दरी ही त्याची पृथ्वी होती. मुलाच्या क्षितिजाला गावाची सीमा समजणं, ही या वाङ्मयप्रकारातली सर्वांत वारंवार आढळणारी फसगत आहे.

यावरून कुणी म्हणेल, झालं, हे सगळं स्मरणरंजन. नाही. याच पुस्तकात न्यूझीलंडहून पैसा मिळवून परत आलेला एक माणूस आहे. बर्फाच्या रात्री तो दारूच्या गुत्त्यात बढाया मारतो, गावातली पोरं त्याला वाटेत गाठून मारतात, सकाळी तो गोठून मेलेला सापडतो. पोलीस येतात, विचारतात, आणि सगळं गाव गप्प. त्याच प्रकरणात आयुष्यभर एकत्र राहिलेलं एक म्हातारं जोडपं आहे, जोसेफ आणि हॅना. दोघं थकतात तेव्हा त्यांना वर्कहाउसमध्ये नेतात, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी जागेत, आणि नियमाप्रमाणे बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. आठवड्याच्या आत दोघंही जातात. वर्कहाउसच्या नोंदवहीत अशा माणसांच्या नावापुढे दोन तारखा असतील. त्या तारखांच्या मधे काय होतं हे सांगणारा मुलगाच लागतो. नोंदवही खोटी नसते, पण तिला जे विचारलेलंच नाही त्याचं उत्तर ती देत नाही.

आता ऑक्सफर्डशायर. फ्लोरा थॉम्पसन, जन्म १८७६, बाप दगडाचं काम करणारा गवंडी, वस्ती जुनिपर हिल. 'लार्क राइज' १९३९ साली आलं, मागोमाग दोन भाग, आणि १९४५ साली तिन्ही मिळून 'लार्क राइज टू कँडलफर्ड'. पुष्कळांनी बीबीसीची २००८पासूनची मालिका पाहिली असेल; तिच्यातलं पोस्ट ऑफिस फार गोड आहे, जरा जास्तच. पुस्तक वेगळं आहे. त्यात शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंग हा आकडा येतो आणि मग त्या दहा शिलिंगांत काय बसतं याचा हिशेब पानोपानी चालू राहतो. डुक्कर कसं पाळायचं, ते मारलं की शेजाऱ्याला किती द्यायचं, मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की घरकामाला कुठे पाठवायची.

थॉम्पसनबाईंनी एक गोष्ट केली जी ली यांनी केली नाही. त्यांनी 'मी' टाकून दिला. मुलीचं नाव लॉरा, तिच्याविषयी तृतीयपुरुषी. आणि जेव्हा मोठ्या बाईला काही म्हणायचं असतं तेव्हा ती लॉराच्या डोक्यात न घुसवता बाजूला उभी राहून म्हणते. माझे तीन थर इथे लेखिकेनं स्वतःच वेगळे करून ठेवले आहेत. म्हणून इतिहासकारांना हे पुस्तक जास्त वापरता आलं, असं मला वाटतं.

त्यात सॅली नावाची एक म्हातारी आहे. तिचं घर तिच्या आजोबांनी बांधलेलं, आजूबाजूला मोकळं माळरान होतं तेव्हाचं. तेव्हा गरिबाला गाय ठेवता येई, हंसांचा कळप माळावर सोडता येई. पुढे माळाला कुंपण घालून तो खासगी झाला, ज्याला इंग्लंडच्या इतिहासात एन्क्लोजर म्हणतात, आणि सॅलीच्या शेजाऱ्यांच्या पुढच्या पिढीकडे मजुरीशिवाय काही राहिलं नाही. ही साखळी कशी लांबते पाहा. म्हातारीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं सांगितलं, लहान मुलीनं १८८०च्या दशकात ऐकलं, तिनं साठी ओलांडल्यावर लिहिलं. न्यायशास्त्राच्या दृष्टीनं उसनवारीवर उसनवारी. पण ऑक्सफर्डशायरच्या अधिकृत इतिहासाचा सहावा खंड काढा (तो १९५९ साली आला, 'सायडर विथ रोझी'च्याच वर्षी, हा योगायोग मला आवडतो). त्या माळाची कुंपणबंदी १८५०च्या दशकातली आणि जुनिपर हिलच्या लोकांनी तिला जोरदार विरोध केला होता, हे त्यात सापडतं. खंडात कज्जा आहे. अंगणात काय काय होतं ते सॅलीकडे. एक वाचून दुसरं टाकून देता येत नाही.

आणि आता उलटी बाजू. अभ्यासकांनी हे पुस्तक जनगणनेच्या आणि पॅरिशच्या नोंदींशी ताडून पाहिलं. फ्लोराची बरीच भावंडं लहानपणीच गेली. पुस्तकात लॉराच्या आजूबाजूला हे मृत्यू जवळजवळ दिसतच नाहीत. भाऊ एडमंड शेवटी युद्धात मेलेल्यांच्या यादीत येतो. त्या एका नावानं पहिला भाग संपतो आणि वाचणारा सुन्न होतो. पण पाळण्यातले मृत्यू कुठे गेले? घरात अशी गोष्ट न बोलण्याची रीत असेल. लेखिकेला ते सोसलं नसेल. काही असो, इथे नोंदवही बोलते आणि आठवण गप्प बसते. आठवण चुकते हा आक्षेप सगळे घेतात. ती गप्प बसते, हा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण चूक दुसऱ्या पुराव्याला अडखळते तरी. मौन कशालाच अडखळत नाही.

खेड्यातून शहरात येऊ. मँचेस्टरला लागून असलेलं सॅलफर्ड. रॉबर्ट रॉबर्ट्स, जन्म १९०५. त्यांच्या आईचं कोपऱ्यावर छोटं किराणा दुकान होतं. 'द क्लासिक स्लम' हे पुस्तक १९७१ साली निघालं. शीर्षक एंगेल्सच्या शब्दांवरून घेतलेलं. तोवर त्या जुन्या गल्ल्या पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, आणि जुन्या गल्लीतल्या मायेच्या, एकोप्याच्या गोष्टी सगळीकडे ऐकू येत होत्या. रिचर्ड हॉगार्ट यांचं 'द यूझेस ऑफ लिटरसी' १९५७चं. लीड्समधल्या हन्स्लेट भागात आजीनं वाढवलेल्या मुलाचं ते पुस्तक, थोर आहे, पण त्यातली चूल जरा जास्त उबदार आहे. रॉबर्ट्स ही ऊब हातानं तपासून बघतात.

त्यांच्याकडे साधन होतं: उधारीची वही. गल्लीत उधार कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे आई ठरवी, आणि त्या निर्णयात गल्लीची सगळी समाजरचना उतरे. बाहेरच्याला सगळे सारखेच गरीब दिसत. आत मात्र पायऱ्यांवर पायऱ्या होत्या: कसबी कारागीर वर, मग बिनकसबी, मग हमाल, आणि खाली ज्यांची नावं घेताना आवाज उतरे असे. सोमवारी रविवारचा सूट गहाण, शनिवारी सोडवून आणायचा. ज्याच्याकडे गहाण टाकायला सूट आहे तो नसलेल्यापेक्षा वरचा! आपल्याला जातीची उतरंड समजावून सांगायला कुणी नको. वर्गाच्या आतली ही उतरंड मात्र आपले वाचक इंग्लंडबद्दल वाचताना सहसा विसरतात.

रॉबर्ट्स यांचं एक निरीक्षण मी मुद्दाम वेगळं काढतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, ते म्हणतात, आमच्या गल्लीतले लोक आधीपेक्षा चांगलं खाऊ लागले. काम मिळालं, बायकांनाही मिळालं, आणि दुकानात लोक पूर्वी न घेणारे पदार्थ मागू लागले. युद्धात सामान्यांचं भलं झालं, हे ऐकायला किती विचित्र! पुढे जे. एम. विंटर या इतिहासकारानं ब्रिटनमधल्या मृत्युदराचे आकडे अभ्यासून १९८६ साली असाच निष्कर्ष मांडला: आघाडीवर तरुण मरत होते तेव्हा मागे राहिलेल्या गरीब नागरिकांचं आयुर्मान सुधारत होतं. आकडे नंतर आले. काउंटरमागचा मुलगा आधी आला होता. जैन तार्किकांची बाजू मला इथे पटते. आठवलेला धूर नसता तर अग्नी शोधायला कुणी गेलं असतं की नाही, शंका आहे.

सफकमधल्या दोन पुस्तकांविषयी थोडक्यात. जॉर्ज इवर्ट इव्हान्स हे वेल्सचे, १९४८ साली ब्लॅक्सहॉल गावी आले, कारण पत्नी तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका. घरी बसून लिहिणारा, ऐकू कमी येणारा हा माणूस शेजारच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याकडे मात्र कान लावून बसला. त्यातून १९५६चं 'आस्क द फेलोज हू कट द हे' निघालं. घोड्यांनी नांगरणाऱ्या शेवटच्या पिढीची अवजारं, शब्द, रीती, सगळं त्या माणसांच्या हातांतून लिहिलेलं. इव्हान्स आठवण विचारताना 'तेव्हा कसं वाटायचं' असं विचारत नाहीत; 'हे कसं करायचे' असं विचारतात. हाताला आठवतं ते मनाच्या आठवणीइतकं सहज बदलत नाही. रोनाल्ड ब्लाइद यांचं 'एकेनफील्ड', १९६९, जास्त गाजलं, १९७४ साली पीटर हॉल यांनी त्यावर चित्रपटही केला. गावाचं नाव काल्पनिक, माणसांची नावं बदललेली, त्यामुळे कोण काय म्हणालं आणि ब्लाइद यांनी त्यात किती घातलं हे ताडून पाहायची सोय नाही. मौखिक इतिहासवाल्यांनी यावर टीका केली ती रास्तच आहे. वाचायला मात्र 'एकेनफील्ड' घ्या.

स्मरणरंजनाच्या आक्षेपावर सगळ्यांत चांगलं रेमंड विल्यम्स यांनी लिहिलंय, 'द कंट्री अँड द सिटी', १९७३. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवरच्या पँडी गावातल्या रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. ते म्हणतात, जुनं इंग्लंड नुकतंच, आपल्या लहानपणी संपलं असं सांगणारा लेखक घ्या आणि त्यानं सांगितलेल्या चांगल्या काळात जा. तिथला लेखक म्हणतो, छे, ते माझ्या लहानपणी संपलं. असं सरकत्या जिन्यावरून मागे मागे जात तुम्ही हार्डी, कॉबेट, गोल्डस्मिथ, थॉमस मोर करत थेट एदेनच्या बागेत पोचता. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्यानं एवढंच सिद्ध होतं, की 'संपलं' हा तिसऱ्या थराचा शब्द आहे. पहिल्या थराला तो लागू होत नाही. सॅलीची गाय खरोखरच गेली होती, कोणत्याही जिन्यावर उभे राहा.

शेवटचं पुस्तक या सगळ्यांना अडचणीत आणणारं आहे. कॅरोलिन स्टीडमन, जन्म १९४७, बालपण दक्षिण लंडनमध्ये, आई लँकशायरमधल्या बर्नलीची. 'लँडस्केप फॉर अ गुड वूमन', १९८६. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कामगारवस्तीतल्या बालपणाची ही जी प्रसिद्ध पुस्तकं आहेत, त्यांतल्या आया सोशीक, कणखर, चुलीपाशी. माझी आई तशी नव्हती. तिला वस्तू हव्या होत्या. युद्धानंतर निघालेला, भरपूर कापड लागणारा तो घेरदार फॅशनचा स्कर्ट तिला हवा होता. ती मत द्यायची ते हुजूर पक्षाला. तिची हाव, तिचा मत्सर यांना त्या कुठल्याच पुस्तकात जागा नव्हती, म्हणून ती इतिहासातही नव्हती.

१९५१ साली घरी आरोग्यखात्याची बाई येते आणि आईला सांगते, हे घर तान्ह्या बाळासाठी लायक नाही. चार वर्षांची कॅरोलिन ते पाहते. पुढे मोठेपणी कळतं, की आईवडिलांचं लग्न झालेलंच नव्हतं, वडिलांचं दुसरीकडे कुटुंब होतं. मग एक जुनी आठवण: वडील रानात निळी फुलं तोडतात, रखवालदार येऊन ती हिसकावतो, दरडावतो, मुळांचा पांढरा भाग तिच्या लक्षात राहतो. लहानपणी हे दृश्य होतं. सगळं कळल्यावर त्या दृश्यात बापाचं जगातलं स्थान दिसू लागलं. आठवण तीच, तिचा अर्थ दस्तऐवजानं बदलला. थॉम्पसनबाईंच्या बाबतीत नोंदवहीनं आठवणीचं मौन उघडं पाडलं होतं. इथे लेखिकेनं स्वतः दोन्ही समोरासमोर बसवलेत आणि कुणालाच शेवटचा शब्द दिलेला नाही.

म्हणून त्या ग्रंथालयाच्या कपाटापाशी परत गेल्यावर माझी तक्रार अशी आहे, की ही पुस्तकं तिथे ठेवतात ते ठीकच, पण ली जिथे आहेत त्या फळीवर स्टीडमन सहसा नसतात. त्यांना समाजशास्त्रात, नाहीतर स्त्री-अभ्यासात पाठवतात. बर्नलीचं आणि दक्षिण लंडनचं कपाट त्यांच्याशिवायच भरतं.

वेळ झालेली दिसते. 'गावगाडा'विषयी विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्रिंबक नारायण आत्रे यांचं ते १९१५चं पुस्तक महसूल खात्यातल्या माणसाचं आहे, त्यात गाव सगळं आहे आणि मूल एकही नाही. त्यामुळे आजच्या विषयात ते बसत नाही. त्याच्यावर वेगळं बोलू. आता तुमचे प्रश्न.